दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं, तर खोटं बोलून सुटावं का?

वाटसरू: "गाडी मी नाही, भाऊ चालवत होता." "धडकेनंतर घाबरून घरी गेलो आणि तिथे प्यायलो." असं सांगितलं की सुटका, हा समज फार घातक आहे. कुणाला इजा झाली नसेल तर पहिल्या वेळी बऱ्याचदा दंड आणि लायसन्सवर निभावतं. खोटं बोलून तपासाची दिशाभूल केलीत की तो वेगळा गुन्हा ठरू शकतो, आणि त्यात तुरुंगही होऊ शकतो. पुढे ब्रिटनचे मंत्री झालेले क्रिस ह्यून यांनी 2003 मध्ये वेगमर्यादा मोडल्याचा ठपका बायकोवर ढकलला, तिनेही तो घेतला. 2013 मध्ये दोघांना आठ-आठ महिन्यांची कैद झाली.

मीनल_के: ते प्रकरण वेगाचं, दारूचं नव्हे. आणि घाबरलेला माणूस रस्त्यावर जे बोलून जातो, त्याला कारस्थान म्हणायचं? भारतात बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे याचा कायदा) कलम 351 नुसार कोर्टाच्या प्रश्नांना आरोपीने खोटी उत्तरं दिली तरी त्याबद्दल शिक्षा नाही. कायद्यालाही माणूस कळतो.

वाटसरू: ते संरक्षण फक्त आरोपीला, तेही त्या प्रश्नोत्तरांपुरतं. शपथेवर खोटी साक्ष देणाऱ्या भावाचं काय? गप्प बसा, तो हक्कच आहे. पण दुसऱ्याला पुढे करू नका!

रातराणी: "नंतर प्यायलो" हे टिकणंही अवघड. नुकती घेतली असेल तर रक्तातलं प्रमाण काही वेळ चढतं. आधीची असेल तर 100 मिलीलीटरमागे तासाला साधारण 15 ते 20 मिलीग्रॅमने उतरतं. थोड्या अंतराने दोन नमुने घेतले की फरक दिसतो. ब्रिटनमध्ये तर नंतर प्यायल्याचं आरोपीलाच सिद्ध करावं लागतं. चालक बदलला असेल तर सीट किती मागे होती, फुटलेल्या एअरबॅगवर कुणाचं रक्त होतं, हेही तपासतात.

मीनल_के: तपास इतका पक्का असेल तर त्या खोट्याने बिघडलं काय? तासाभरात खरं सांगून टाकणारा आणि वर्षभर खोटे साक्षीदार फिरवणारा, दोघांना एकच माप नको.

वाटसरू: एकच माप नको, हे पटलं. पण बिघडतं ते भावाचं. प्यायला नव्हता, गाडीत नव्हता, तरी आरोपी झाला. "घरच्यांसाठी एवढं कर" म्हणणाऱ्यांना हे दिसत कसं नाही?

रातराणी: एक राहिलं. गप्प बसायचा हक्क म्हणजे तपासणीला नकार द्यायचा हक्क नव्हे. ब्रिटनसारख्या देशांत सबळ कारणाशिवाय नमुना नाकारणं हाच गुन्हा आहे.