लातूरमध्ये घरी रुग्णसेवेला बाई ठेवताना दर्जा कसा तपासावा?

मांजराकाठ
माझ्या वडिलांचे वय ७८ असून मार्चमध्ये त्यांच्या डाव्या अंगावरून वारे गेले. रुग्णालयातून घरी आले ते नाकातून अन्नाची नळी, लघवीची नळी आणि दिवसातून दोन वेळा इन्सुलिन, एवढे सोबत घेऊनच. मी पुण्यात नोकरीला आणि लातूरच्या घरी आई एकटी, म्हणून एका ब्युरोमार्फत चोवीस तासांसाठी मावशी ठेवल्या. ब्युरोने महिन्याचे पैसे आगाऊ घेऊन ‘ट्रेन्ड सिस्टर’ पाठवण्याचे कबूल केले होते. प्रत्यक्षात पाच आठवड्यांत चार मावशी बदलल्या.

गेल्या शनिवारी मी घरी पोहोचलो तेव्हा वडील सपाट आडवे होते, डोक्याखाली एकच पातळ उशी होती आणि मावशी नळीतून पेज सोडत होत्या. वडिलांना जोराचा ठसका लागला. कुशीवर वळवले तर माकडहाडावर रुपयाएवढा लाल चट्टा दिसला. मी मावशींवर रागावलो, मग कळले की गेल्या महिन्यापर्यंत त्या एका मंगल कार्यालयात स्वयंपाकाला होत्या आणि ब्युरोने त्यांना एक दिवसही शिकवले नव्हते. मग राग कोणावर काढायचा? अशा सेवेसाठी सरकारी नोंदणी किंवा मानके आहेत का, आणि नसतील तर आपण काय तपासावे?

निवृत्त अधिपरिचारिका, परभणी
आपल्याकडे पांढरा कोट घातलेल्या प्रत्येक बाईला ‘सिस्टर’ म्हणतात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. परिचारिकेच्या शिक्षणात एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा व जीएनएमचा तीन वर्षांचा असतो, आणि दोन्हींची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. नोंदणी क्रमांक मागा. तो नसेल तर त्या मदतनीस आहेत असे समजा. मदतनीस असणे वाईट नाही. आंघोळ, कपडे, कूस बदलणे, हाताने भरवणे ही कामे अनेक मावशी उत्तम करतात. नळी नव्याने घालणे किंवा लघवीची नळी बदलणे मात्र त्यांच्याकडून करून घेऊ नये.

नळीतून अन्न देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच हवी आणि त्यानंतर किमान अर्धा तास तशीच ठेवावी, नाहीतर अन्न उलटून फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. प्रत्येक वेळी नाकपुडीपाशी नळीवर केलेली खूण जागेवर आहे का ते पाहावे. सरकली असेल तर काहीही न देता डॉक्टरांना कळवावे. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीला टेकू नये.

चट्ट्यावर बोट दाबून सोडा. लाली क्षणभर फिकी पडत नसेल तर बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली आहे. तिथे चोळू नका, तेलही लावू नका. दर दोन तासांनी कूस बदला आणि जखम डॉक्टरांना दाखवा.

वकील, बीड
१९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम रुग्ण ठेवून घेणाऱ्या ठिकाणांसाठी आहे. घरी माणूस पुरवणारे ब्युरो त्यात येत नाहीत. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते आणि त्यात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी व किमान मानके यांची तरतूद होती. पण २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही व्यपगत झाले, म्हणजे मंजूर न होताच संपले.

तरीही पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कक्षेत येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, आणि त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. अडचण एकच, आपले लोक पावती घेत नाहीत. ‘ट्रेन्ड सिस्टर’ हे शब्द, बदली माणूस किती तासांत मिळेल आणि आगाऊ रक्कम कधी परत होईल, हे ब्युरोकडून सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या.

अंबाजोगाईची सून
दादा, कागद हवाच, पण एक साधा हिशेब सांगते. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे चोवीस तासांत बारा वेळा. मग त्या मावशींनी झोपायचे कधी? माझ्या सासूबाईंच्या आजारपणात आम्हीही चोवीस तासांची एकच बाई ठेवली होती आणि जखम रात्रीच्याच वेळी वाढली. पुढे दिवसा मावशी आणि रात्री घरचे माणूस अशी पाळी लावली. उन्हाळ्यात वीज गेली की हवेची गादी बसते, हेही तेव्हाच कळले. वीज गेल्यावर कूस कोण बदलणार ते आधीच ठरवून ठेवा.

पलंगाला दोरीने एक वही बांधा. वेळ, कोणती कूस, नळीतून किती मिली, लघवी किती, इन्सुलिन किती आणि कोणी दिले, एवढेच लिहायचे. मावशी बदलली तरी वही बदलत नाही. लिहिता न येणारी मावशी असेल तर तिने सांगावे आणि तुमच्या आईंनी लिहावे.

मांजराकाठ
आई आता वही लिहीत आहे. दिवस-रात्रीची पाळी सोमवारपासून लावतो. मात्र वहीमुळे एक शंका आली. डॉक्टरांनी १२ युनिट सांगितले होते, साखर उतरेना म्हणून ते २० केले, तरीही ती चढीच आहे. सिरिंजचे टोपण नारिंगी आहे आणि बाटलीवर ४० लिहिले आहे. हे बरोबर आहे का?

निवृत्त अधिपरिचारिका, परभणी
नाही. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० च्या, म्हणजे एका मिलीत १०० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी असते; ४० च्या, म्हणजे मिलीत ४० युनिट असलेल्या बाटलीला लाल टोपणाची लागते. तुम्ही २० च्या रेघेपर्यंत भरता तेव्हा वडिलांना प्रत्यक्षात आठच युनिट मिळतात. पण कृपया आज रात्री लाल सिरिंज आणून २० युनिट देऊ नका. तो डोस चुकीच्या सिरिंजमुळे वाढवलेला आहे आणि आत्ता मिळतो त्याच्या तो अडीच पट होईल; साखर एकदम खाली जाऊ शकते. डॉक्टरांना आत्ताच फोन करा, हा हिशेब जसाच्या तसा सांगा आणि नवा आकडा त्यांच्याकडूनच घ्या.