मदत हवी आहे: अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलमुळे पार्किन्सनिझम (पार्किन्सनसारखी लक्षणं), बरं व्हायला किती वेळ लागतो?

नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेरचे. आप्पा ६८ वर्षांचे. पाय घासत चालतात, चेहऱ्यावर हावभाव राहिले नाहीत, दोन्ही हात सारखेच आखडतात. जळगावच्या न्यूरोलॉजिस्टांनी जुन्या चिठ्ठ्या पाहिल्या, तर रोजच्या अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये लिवोसल्पिराइड निघालं. ते मेंदूत हालचालींसाठी लागणाऱ्या डोपामाइन या रसायनाचं काम अडवतं, म्हणून ही लक्षणं असावीत असं ते म्हणाले. आपल्याकडे ही कॅप्सूल महिनोन्‌महिने घेणारे बरेच आहेत, घरातल्या पट्टीमागची नावं वाचाच.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती पोळ्यापासून बंद आहे. आखडणं थोडं कमी झालंय, चाल मात्र तशीच. एमआरआय नॉर्मल. लिवोडोपा (पार्किन्सनची गोळी) अजून सुरू केलेली नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू आहे. असं करू शकणारी चक्कर, उलटी किंवा मानसिक आजाराची कुठलीही गोळी नाही. घराण्यात पार्किन्सन कुणाला नव्हता.

सुधारायला काही महिने लागतात म्हणे, आणि तरीही लक्षणं राहिली तर मुळात पार्किन्सन असून औषधाने तो लवकर दिसला असेल. तो फरक ट्रोडॅट स्कॅनने (मेंदूतल्या डोपामाइनच्या पेशी कशा आहेत ते दाखवणारा स्कॅन) कळतो. निव्वळ औषधाचा परिणाम असेल तर स्कॅन सहसा नॉर्मल येतो. पण आप्पांना लांबचा प्रवास झेपत नाही, स्कॅनसाठी मुंबईला फार तर एकदाच नेता येईल.

कुणाच्या घरी असं झालं असेल तर सांगा: चाल सुधारायला किती वेळ लागला? स्कॅन लगेच केला की थांबलात? आणि नाशिकपर्यंत तो कुठे होतो का?