मदत हवी आहे: कॉर्टिसोल जास्त झालं की चरबीतली सूज दबते की वाढते?
मंडळी, हार्मोन्सचा अभ्यास असलेलं कुणी इथे असेल तर कृपया समजावून सांगा.

आईला ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी बरेच महिने प्रेडनिसोलोन (कॉर्टिसोल या हार्मोनसारखं काम करणारं स्टिरॉइड औषध) सुरू आहे. बोटांची सूज उतरली, काढून ठेवलेली अंगठी पुन्हा बोटात जाते. पण चेहरा गोल झालाय, पोट सुटलंय आणि हातपाय मात्र काटकुळे. कुशिंग सिंड्रोममध्ये शरीर स्वतःच जास्त कॉर्टिसोल बनवतं, तेव्हाही असंच दिसतं म्हणे.

माझं घोडं इथे अडलंय. ही औषधं सूज दाबतात, १९५० चं नोबेल त्याच संशोधनाला मिळालं. मग पोटातली चरबी वाढली की तिच्यात मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी शिरतात, टीएनएफ-अल्फा आणि आयएल-६ ही सूज वाढवणारी रसायनं सोडतात, इन्सुलिनचं काम बिघडतं, हे कसं? शिवाय चरबीतलं एक एन्झाइम निष्क्रिय कॉर्टिसोनचं परत कॉर्टिसोल करतं. म्हणजे सूज दाबणारं हार्मोन तिथेच तयार होतं आणि सूजही तिथेच?

आईचा सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आलाय. त्यावरून चरबीतल्या सुजेबद्दल काही कळतं का? गोळी परस्पर बंद करणार नाही, ती चिंता नको. पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमकं काय विचारू, तेवढं सांगा.