स्पॅनिश घेऊन पदवीधर झालेल्या भाचीसाठी मार्गदर्शन हवे आहे

दारव्हा तालुक्यात राहणारी माझी भाची दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातून स्पॅनिशमध्ये बी.ए. झाली असून डेले या स्पॅनिश भाषेच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षेची बी-२ (मध्यम-उच्च) पातळीही उत्तीर्ण आहे. सध्या ती घरीच आहे आणि कापूस वेचतानाही कानात मेक्सिकोच्या बातम्या लावून उजळणी करते. पुणे-बंगळुरूच्या कंपन्यांत लॅटिन अमेरिकेतील ग्राहकांशी बोलण्याच्या नोकऱ्या निघतात, पण तिकडच्या वेळेमुळे रात्रपाळी करावी लागते. शिवाय भाषेची इतकी गोडी असलेल्या मुलीने तेवढ्यावरच थांबावे, असे मला मनापासून वाटत नाही. औषध कंपन्यांच्या कागदपत्रांचा अनुवाद, शाळेत अध्यापन, की आधी एम.ए.? गावात राहून अनुवादाचे काम कसे मिळते, त्यासाठी बी-२ पुरते की तिच्या वरची सी-१ पातळी करावीच लागते आणि सुरुवातीला मोबदला किती असतो, हे अनुभवींनी कृपया सविस्तर सांगावे.