मदत हवी आहे: ताप आला की भावाला फिट का येते?

आम्ही डिचोलीचे. धाकटा भाऊ २२ वर्षांचा, एपिलेप्सीसाठी लेव्हेटिरासिटॅम चालू आहे. अकरा महिने एकही फिट नव्हती. गेल्या आठवड्यात पावसात भिजून आला, ताप १०२ वर गेला आणि सकाळी पेजेचा वाडगा हातात असतानाच आकडी आली. (काकी चप्पल हुंगवायला धावली. तिला अडवू की त्याला कुशीवर वळवू, अशी माझी गत.) दोन मिनिटांत थांबली, पण संध्याकाळी परत.

डॉक्टर म्हणाले, "तापात होतं असं." माझं काही समाधान होईना. रात्री वाचत बसले, तेव्हा इंटरल्यूकिन-१ बीटा हे नाव सापडलं. मला कळलं ते असं: मेंदूतल्या मायक्रोग्लिया आणि अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी हा निरोप्या रेणू सोडतात. तो चेतापेशीवर बसला की एनएमडीए वाहिनीतून (पेशीच्या आवरणातलं एक दार) कॅल्शियम जास्त आत शिरतं आणि पेशी जरा डिवचली तरी पेटते. बरोबर आहे का? मग नुसता ताप उतरवून काय उपयोग? ब्रुफेनने हा रेणू थांबेल? की स्टेरॉइडबद्दल विचारू?

प्रतिसाद:
ताई, बरोबर समजलंय. उलट बाजूही आहे: फिट आली की त्याच पेशी तो रेणू आणखी सोडतात, म्हणजे विस्तवाला वारा. पण ब्रुफेन ताप चढवणारं प्रोस्टाग्लँडिन अडवतं, इंटरल्यूकिन नव्हे. इंटरल्यूकिनची वाट अडवणारं औषध अ‍ॅनाकिन्रा आहे, ते तापानंतर न थांबणाऱ्या झटक्यांच्या फायर्ससारख्या दुर्मीळ आजारात काही रुग्णांना देतात. भावासारख्यांना नाही. स्टेरॉइड तर मनाने मुळीच नको.

आणि सगळं खापर रेणूवर फोडू नका. तापात झोप झाली का? सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक दिलं होतं का? त्यानेही फिट येऊ शकते. गोळी पोटात राहिली का? फिट पाच मिनिटांवर गेली किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर वाट न बघता १०८.

धागाकर्ती:
अँटिबायोटिक नव्हतं. झोप नव्हतीच. आणि हो, आदल्या रात्री गोळी घेतल्यावर दहा मिनिटांत उलटी झाली होती. आईने पुसून काढली, मला आत्ता विचारल्यावर सांगतेय. डॉक्टरांना उद्या फोन करते.