एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या) मॉडेलसाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं? ब्लोअर (टाकीत हवा सोडणारी मशीन) कंट्रोलबद्दल पण सल्ला हवाय

प्रोसेसवाला
नमस्कार मंडळी, एका नगरपालिकेच्या २० एमएलडी (रोज २ कोटी लिटर) एसटीपीवर प्रोसेस बघतो. साधा ॲक्टिव्हेटेड स्लज (जिवाणूंच्या गाळाने पाणी साफ करणारा) प्लांट, एरेशन टँक (हवा देण्याची टाकी) आणि मागे क्लॅरिफायर (गाळ खाली बसवण्याची टाकी). बीओडी (जिवाणू खाऊ शकतील अशा घाणीचं माप) व्यवस्थित येतो पण अमोनिया रात्री जवळपास शून्य आणि सकाळचा लोड आला की चढतो, ब्लोअर मात्र चोवीस तास एकाच स्पीडला, लाइटबिल बघवत नाही. मॉडेल करून यातून मार्ग निघेल असं वाटतंय. बायोविन, जीपीएस-एक्स, सुमो ही सॉफ्टवेअरची नावं ऐकलीत पण बजेट नाही. फुकट काही आहे का? आणि मॉडेलवरून थेट ब्लोअर चालवता येतात का?

नाईट्रोजन_काका
सॉफ्टवेअरची चिंता शेवटी कर. या सगळ्यांचा पाया १९८७ च्या एएसएम१ (ॲक्टिव्हेटेड स्लजचं गणिती मॉडेल) वरूनच आलेला आहे, हेन्झे वगैरे मंडळींनी केलेलं, १३ घटक आणि ८ प्रक्रिया. तुला कार्बन आणि नायट्रोजनच बघायचाय ना, मग तेवढं पुरतं. फॉस्फरस पण काढायचा असेल तर त्याच मालिकेतलं एएसएम२डी. फुकटात डब्ल्यूआरसी या ब्रिटिश कंपनीचं स्टोट आहे, आणि पायथन येत असेल तर क्यूएसडीसॅन, ते ओपन सोर्स आहे.

लॅबवाली
काकांना अनुमोदन. खरं काम इनलेटच्या पाण्यात आहे! नुसत्या बीओडीवर मॉडेल चालत नाही, सीओडीचे (एकूण सेंद्रिय घाणीच्या मापाचे) भाग पाडावे लागतात, पटकन खाल्ला जाणारा, हळूहळू खाल्ला जाणारा, आणि अजिबात न खाल्ला जाणारा, तोही विरघळलेला वेगळा आणि कणांमधला वेगळा. हा शेवटचा कणांमधला आकडा चुकला की मॉडेलचा एमएलएसएस (टाकीतल्या स्लजचं प्रमाण) कधीच जुळत नाही आणि मग लोक उगाच कायनेटिक्सचे (जिवाणूंच्या वेगाचे) आकडे फिरवत बसतात, ते प्लीज करू नका. सॉफ्टवेअरमधले डिफॉल्ट आपल्या पाण्याचे नसतात, आपल्याकडे नाल्याचं पाणी मिसळलेलं असतं, सेप्टिक टँकचे टँकर रिकामे होतात. दर दोन तासांनी सँपल, पूर्ण २४ तास, सोबत फ्लो, टीकेएन (अमोनिया आणि सेंद्रिय नायट्रोजन मिळून) आणि अल्कलिनिटी (आम्ल झेलायची पाण्याची ताकद). अल्कलिनिटी विसरू नका, १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनच्या नायट्रिफिकेशनला (जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करण्याला) सुमारे ७ ग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात) लागते, ती संपली की पीएच पडतो आणि हवा कितीही द्या, अमोनिया उतरत नाही.

प्रोसेसवाला
सँपलिंग जमेल. पण वेस्ट स्लजचा (बाहेर काढायच्या जादा गाळाचा) फ्लोमीटर बंद आहे, फक्त पंपाचे तास लिहिलेले आहेत.

लॅबवाली
तास चालतील, पण पंप खरंच किती काढतो ते एकदा मोजा, माप माहीत असलेली टाकी भरायला किती वेळ लागतो ते बघून. स्लज एज (स्लज सरासरी किती दिवस प्लांटात राहतो ते) त्यावरच ठरतं आणि नायट्रिफिकेशन स्लज एजवर. रोज किती स्लज बाहेर जातो त्याचा हिशोब लागत नाही तोपर्यंत कॅलिब्रेशनला (मॉडेल प्लांटशी जुळवायला) बसू नका.

हवा_कमी_करा
कंट्रोलचं मी सांगतो. मॉडेलच्या हातात थेट ब्लोअर देऊ नका. बऱ्याच प्लांटात निम्मी किंवा जास्त वीज एरेशनलाच जाते, त्यामुळे फायदा आहेच, पण पायरी पायरीने जा. आधी व्हीएफडी (मोटरचा स्पीड बदलणारं ड्राइव्ह) आणि डीओ प्रोब (पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा) लावून साधा डीओ लूप बसवा, म्हणजे डीओ बघून ब्लोअरचा स्पीड आपोआप बदलेल. तो स्थिर झाला की वरून अमोनियाचा लूप, म्हणजे अमोनिया कमी असेल तर डीओ सेटपॉइंट (ठरवलेली पातळी) समजा ०.५ मिग्रॅ/लिटरपर्यंत उतरेल आणि वाढला की २ कडे जाईल. हे सेटपॉइंट आणि वेळा ठरवायला मॉडेल वापरा, तिथे ते सोन्यासारखं आहे, दहा पर्याय एका संध्याकाळी बघून होतात आणि प्लांटला धक्का नाही. बीएसएम१ नावाचं बेंचमार्क मॉडेल खास कंट्रोल तपासायलाच बनवलंय, ते आधी चालवून बघा म्हणजे हात बसेल.
आणि ब्लोअर किती खाली येऊ शकतो ते नक्की बघा. ट्विन लोब (दोन फिरत्या लोबचा) असेल तर स्पीड बराच कमी होतो, सेंट्रिफ्यूगलला (पंख्यासारख्या फिरणाऱ्या ब्लोअरला) सर्जची, म्हणजे हवा उलटी येऊन ब्लोअर हादरण्याची, भीती असते. डिफ्यूझरला (टाकीच्या तळाशी बुडबुडे सोडणाऱ्या भागाला) पण किमान हवा लागतेच, नाहीतर स्लज टाकीतच खाली बसतो.

प्रोसेसवाला
ट्विन लोबच आहेत. अमोनिया प्रोब किती भरवशाचा?

हवा_कमी_करा
आयन सिलेक्टिव्ह (इलेक्ट्रोडने मोजणारा) असेल तर त्याचं रीडिंग हळूहळू सरकतं, लॅबशी नियमित जुळवत राहा. आणि प्रोब बिघडला तर कंट्रोल आपोआप ठरलेल्या डीओवर परत यायला हवा, हे पीएलसीवाल्याकडून (कंट्रोलचा प्रोग्राम करणाऱ्याकडून) आधीच लिहून घ्या.

नाईट्रोजन_काका
सँपलिंग पावसाच्या दिवसात नको, आधी कोरड्या हवेत घे. पावसाचा डेटा नंतर मॉडेल तपासायला वापर. पाण्याचं तापमान पण लिही, २० आणि २८ डिग्रीत नायट्रिफायर्सचा (नायट्रिफिकेशन करणाऱ्या जिवाणूंचा) वेग फार वेगळा असतो.