अनुभव धागा: हंटर आणि त्याचा पेट

माझ्या मावसभावाने वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन गेममध्ये नाइट एल्फ वंशाचा हंटर, म्हणजे शिकारी, सुरू केलाय. सातव्या लेव्हलला आहे आणि सारखं विचारतो, "ताई, पेट कधी मिळणार?" (पेट म्हणजे हंटरने पकडलेला, सोबत लढणारा प्राणी.) मी प्रीस्ट खेळते, हंटर फक्त ग्रुपमध्ये बघितलेत. इथे हंटर साठाव्या, म्हणजे शेवटच्या, लेव्हलपर्यंत नेलेले बरेच जण आहेत. पहिला पेट कोणता घेतलात, कुठे अडलात, काय केल्यावर सोपं झालं, ते सविस्तर लिहा. नुसत्या टॅलेंटच्या याद्या नकोत, त्या कुठेही मिळतात. वॉरलॉक, म्हणजे राक्षस सोबत घेऊन लढणारे जादूगार, खेळणाऱ्यांचंही स्वागत आहे.

नाशिकहून

पहिल्या दहा लेव्हल हाच हंटरचा सगळ्यात कठीण काळ, हे भावाला आत्ताच सांगून ठेवा. पेट नसतो आणि धनुष्य जवळून चालत नाही. शत्रू आठ यार्डांच्या आत आला की बाण सुटत नाही, आणि पाच यार्डांच्या बाहेर असला की हातातलं शस्त्र पोचत नाही. त्या मधल्या पट्ट्यात अडकलात की फक्त मार खायचा. मी लांबून हंटर्स मार्क (शत्रूवर खूण), सर्पंट स्टिंग (विषारी बाण) आणि जमतील तेवढे बाण मारायचो. तो अंगावर आला की पळापळ न करता सरळ रॅप्टर स्ट्राइक, म्हणजे हातातल्या शस्त्राचा वार. आठव्या लेव्हलला कन्कसिव्ह शॉट मिळतो, त्याने शत्रूचा वेग चार सेकंद निम्मा होतो. तेवढ्यात एखादा बाण जास्तीचा बसतो.

पेट मिळवायची दहाव्या लेव्हलची क्वेस्ट (कामगिरी) मी ड्वार्फने केली. डन मोरोगच्या बर्फात ट्रेनर हातात काठी देतो आणि एकामागून एक तीन प्राणी पकडायला लावतो: रानडुक्कर, हिमबिबट्या, शेवटी अस्वल. काठी वापरली की वीस सेकंदांचा बार सुरू होतो. तो संपेपर्यंत जागचं हलायचं नाही, हललात की पुन्हा पहिल्यापासून. अस्वल तोवर तुम्हाला ओरबाडत असतं. हेल्थ अर्ध्याखाली गेली की बोटं आपोआप पळायच्या बटणांकडे जातात, पण थांबायचं. आधी अ‍ॅस्पेक्ट ऑफ द मंकी लावून ठेवा, त्यामुळे काही फटके चुकतात. बार संपतो, अस्वलाचे पंजे थांबतात आणि ते वळून तुमच्या शेजारी येऊन उभं राहतं. तो क्षण मला आजही तितकाच आवडतो.

काठीने पकडलेले प्राणी तात्पुरते असतात हं. तीनही झाले की स्वतःचा टेम बीस्ट (प्राणी पकडायची चाल) मिळतो आणि पुढच्या शिक्षणाला आयर्नफोर्जला पाठवतात. भावाला टेल्ड्रासिलमध्ये कोळी, नाइटसेबर (मोठं मांजर) आणि घुबड पकडावं लागेल, मग डार्नासस.

लंडनहून

क्लासिक ऑगस्ट 2019 मध्ये आलं तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात हंटर सुरू केली. मला जे सगळ्यात जास्त भावलं ते खायला घालणं. नंतरच्या आवृत्त्यांतून ते काढून टाकलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पेट खुश असेल तर 125 टक्के डॅमेज (इजा) करतो, ठीकठाक असेल तर 100 आणि नाराज असेल तर फक्त 75. म्हणजे तोच प्राणी, तीच लेव्हल, पण पोट भरलेलं आहे की नाही यावर लढाई जवळपास दीडपट लांबते. फार दिवस नाराज ठेवलात तर तो कायमचा सोडूनही जातो. नियमित खाऊ घातलं की निष्ठेच्या सहा पायऱ्या एकेक करून चढतात आणि त्याबरोबर त्याला शिकवायचे ट्रेनिंग पॉइंट वाढतात.

कोण काय खातो हे घेण्याआधी बघा. रानडुक्कर आणि अस्वल सगळं खातात: पाव, चीज, फळं, मशरूम, मासे, मांस. लांडग्याला फक्त मांस. माझ्या मांजराला मांस आणि मासे लागायचे, म्हणून मी डार्कशोरच्या किनाऱ्यावर फिशिंग शिकले. क्वेस्ट संपवून परत आले की गळ टाकून बसायचे आणि मांजर शेजारी बसलेलं असायचं. पेटची लेव्हल वाढेल तसं जुनं, हलक्या लेव्हलचं खाणं त्याला पुरत नाही, त्यामुळे पिशवीत नवीन भरत राहावं लागतं. एका पिशवीची जागा बाणांच्या भात्याने घेतलेली असते, हेही लक्षात असू द्या. बाण संपले तर हंटरकडे काही उरत नाही. बाहेर पडताना मोजून घ्या.

कोल्हापूरहून

माझं म्हणणं एकच, आणि नवीन हंटरला तेवढंच पुरेल. पेटला आधी पोचू द्या. तो शत्रूला भिडला, त्याने ग्राउल (शत्रूला स्वतःकडे वळवणारी गुरगुर) मारला, की मग सर्पंट स्टिंग आणि ऑटो शॉट. घाईने पहिला बाण तुम्ही सोडलात की शत्रू तुमच्याकडे वळतो आणि परत सगळं त्या मधल्या पट्ट्यात येऊन अडकतं. ग्राउलची नवी रँक पेट ट्रेनरकडे उपलब्ध झाली की लगेच घ्या, नाहीतर तुमचा डॅमेज वाढतो आणि पेटला शत्रू धरून ठेवता येत नाही. बाराव्या लेव्हलला मेंड पेट (पेटला बरं करायची चाल) मिळतो. तो चालू असताना तुम्हाला दुसरं काही करता येत नाही, म्हणून पेट मरायला टेकेपर्यंत थांबू नका.

क्लॉ, बाइट यांसारख्या बाकी बऱ्याच गोष्टी ट्रेनर शिकवत नाही. ज्या जंगली प्राण्याला त्या येतात तो पकडायचा, त्याच्याबरोबर लढत राहायचं आणि त्याने ती चाल वापरता वापरता तुम्ही शिकायची. मग ती आपल्या नेहमीच्या पेटला द्यायची. स्टेबलमध्ये, म्हणजे जास्तीचे पेट ठेवायच्या तबेल्यात, दोनच जागा असतात, त्यातली एक या कामासाठी मोकळी ठेवा.

पुण्याहून, टँक म्हणून

मी वॉरियर आहे, टँक म्हणजे ग्रुपसाठी शत्रूंचा मार अंगावर घेणारा, आणि चांगल्या हंटरबरोबर डंजन (ग्रुपने लढायची जागा) करायला मला फार आवडतं. हंटर मंडळींना दोन विनंत्या. डंजनमध्ये ग्राउल बंद ठेवा. शत्रू मी धरलेले असतात, पेटने ते ओढले तर हीलरची दमछाक होते. आणि कड्यावरून खाली उडी मारायच्या आधी डिसमिस पेट करा, म्हणजे पेटला तात्पुरतं परत पाठवा. तुम्ही उडी मारता, पेट मात्र लांबचा रस्ता धावत येतो आणि वाटेतली अख्खी फौज मागे घेऊन येतो. हे दोन्ही पाळणारा हंटर दिसला की मी त्याला लगेच फ्रेंड लिस्टमध्ये घेतो.

नागपूरहून

ब्रोकन टूथविषयी लिहायलाच हवं. बॅडलँड्समधलं रेअर, म्हणजे क्वचित उगवणारं, मांजर, लेव्हल 37. त्याचा अटॅक स्पीड 1.0, म्हणजे दर सेकंदाला एक फटका. मंत्र टाकणाऱ्या शत्रूवर सोडला की त्याचा मंत्र दर फटक्याला मागे ढकलला जातो आणि बिचाऱ्याचा पूर्णच होत नाही. तो कधी उगवेल याचा भरवसा नाही, आणि तिथे फिरणारे बाकीचे हंटरही त्याच्याच शोधात असतात. मी तिथल्या क्वेस्ट करत करत फेऱ्या मारल्या, नुसती वाट बघत बसलो नाही. जुना पेट आधीच स्टेबलमध्ये ठेवला होता, कारण तो नुसता डिसमिस केला तरी दुसरा पकडता येत नाही. एकदाचा ब्रोकन टूथ दिसला. मग वीस सेकंद श्वास रोखून.

पण नवीन माणसाने रेअरच्या मागे लागू नये असं माझं ठाम मत आहे. साधं मांजर किंवा रानडुक्कर साठपर्यंत आरामात जातं.

वॉरलॉक, ठाण्याहून

आमच्याकडे इम्प हा छोटा राक्षस अगदी सुरुवातीलाच मिळतो आणि दहाव्या लेव्हलच्या क्वेस्टनंतर मार झेलणारा व्हॉइडवॉकर. खाऊपिऊ घालायची गरज नाही, पण व्हॉइडवॉकरला बोलवायला दर वेळी सोल शार्ड (आत्म्याचा तुकडा) लागतो, आणि तो शत्रू मरताना ड्रेन सोल (आत्मा शोषायचा मंत्र) चालू असेल तर मिळतो. त्याला बरं करायचं तर हेल्थ फनेलने आपली हेल्थ द्यावी लागते.

सिडनीहून

ऑगस्ट 2023 मध्ये अधिकृत हार्डकोअर सर्व्हर आले, तिथे मी हंटर नेला. पात्र मेलं की संपलं, पेट मात्र रिव्हाइव्ह, म्हणजे पुन्हा जिवंत, करता येतो. त्यामुळे हिशेब सरळ होतो: प्रसंग बिघडला की पेट तिथेच लढत राहतो आणि मी निघतो. तिसाव्या लेव्हलला फेन डेथ मिळेपर्यंत मी गुहांमध्ये खोल गेलोच नाही, कारण गुहेत मागचे शत्रू पुन्हा उगवले की बाहेरची वाट बंद होते. तिसाव्यानंतर मेल्याचं सोंग घेता येतं. क्वचित ते फसतं आणि "रेझिस्ट" असं दिसतं, म्हणून फेन डेथ मारायच्या आधीच पळायची दिशा ठरवून ठेवतो. चाळीसाव्याला बीस्ट मास्टरी या टॅलेंटच्या शाखेत बेस्टियल रॅथ घेतला. पेट लाल होतो, त्याला भीती घालता येत नाही की थांबवता येत नाही, आणि अठरा सेकंद तो दीडपट डॅमेज करतो. दोन शत्रू एकदम आले तर मी ते पहिल्यावर वापरतो आणि दुसऱ्याला आधीच फ्रीझिंग ट्रॅपमध्ये, म्हणजे गोठवणाऱ्या सापळ्यात, ठेवतो.